ग्रुपवरचे प्रश्न मोजणारी पायथन स्क्रिप्ट नव्या लॅपटॉपवर चालेना

पऱ्हाटीवाली
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. फोनवरून मराठी कीबोर्डनं लिहून राहिली आहे, म्हणून कोड इथं टाकत नाही. एररचे स्क्रीनशॉट खाली जोडले आहेत.

आधी काम सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिथं मी पावत्या, हिशेब आणि "कॉम्प्युटरचं जे काय असेल ते" बघते. कंपनीचे चार व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. सभासद दिवसभर फोटो टाकतात: पऱ्हाटीले (कपाशीले) डोमकळ्या (बोंडअळीनं न उमललेली फुलं) दिसून राहिल्या, सोयाबीनमध्ये चक्रभुंगा आला, पानं लाल पडली, काय मारू? दर गुरुवारी आमचे सल्लागार सर येतात. ते ग्रुप वाचत बसत नाहीत. त्यांना एका पानाचा तक्ता लागतो, की या आठवड्यात कशाची विचारणा जास्त झाली. त्यावरून ते कोणत्या गावात जायचं ते ठरवतात. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे "दोन औषधं मिसळून मारू का" असं कोणी विचारलं तर ते सरांपर्यंत गेलंच पाहिजे, असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

हा तक्ता काढायची स्क्रिप्ट दोन वर्षांपूर्वी इंटर्नशिपला आलेल्या एका पोरानं लिहून दिली. ग्रुपमधून चॅट एक्स्पोर्ट करायची, टेक्स्ट फाइल फोल्डरमध्ये टाकायची, स्क्रिप्ट चालवायची, एवढंच मला येत होतं. तो आता नोकरीला लागला, फोन उचलत नाही. त्याला बोल लावत नाही, फुकट काम कोण किती दिवस करणार.

जुना लॅपटॉप जुलैच्या झडीत छत गळून गेला. त्यात त्यानं उबंटू टाकलं होतं. नव्यात विंडोज ११ आहे. मी पायथन ३.१३ टाकलं आणि त्याची रिक्वायरमेंट्सची यादी, म्हणजे स्क्रिप्टला लागणारी पॅकेजं, इन्स्टॉल करायला घेतली. त्या यादीत पँडाज (तक्ते हाताळायचं पॅकेज) १.५.३ असं आकड्यासकट लिहिलं आहे, बाकी सगळ्यांची नुसती नावं. पँडाजवर येऊन अडलं. पानभर लाल अक्षरं आणि शेवटी "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ किंवा त्यापुढचं हवं". ते डाउनलोड करायला गेली तर काही जीबीचं निघालं. माझ्याकडे दिवसाला दीड जीबी डेटा आहे आणि संध्याकाळी लाईन गेली की टॉवरही जातो.

मग मी यादीतला आकडा खोडला आणि सगळं नवंच टाकलं. इन्स्टॉल झालं. चालवलं तर आधी "चारमॅप कोडेक बाइट ०एक्स८१ वाचू शकत नाही". एका व्हिडिओत बघून फाइल उघडायच्या ओळीत यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) लिहिलं, ते गेलं. मग "इमोजीमध्ये गेट इमोजी रेगएक्स्प नावाचं काही नाही". ती ओळच काढली. मग "डेटाफ्रेमला अपेंड नाही", म्हणजे तक्त्याला नवी ओळ जोडायची सोयच नाही. इथं मी थांबली, कारण अपेंड काढून टाकलं तर उरतंच काय?

गुरुवार आडवा आहे. कोणी सांगेल का?

---

पोट्टा_नंबर_एक
सोमवार, रात्री १०:३०

एआयला टाक ना ताई एरर, दोन मिनिटांत करून देते.

---

पऱ्हाटीवाली
सोमवार, रात्री १०:४१

टाकलं भाऊ. त्यानं अपेंडच्या जागी परत अपेंडच लिहून दिलं, फक्त वरती "हे नक्की चालेल" असं जोडून. दुसऱ्यांदा विचारलं तर माफी मागितली आणि पँडाज पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितलं. शंभर एमबी गेले.

---

अर्धविराम
सोमवार, रात्री ११:२०

ताई, तुमच्याकडे तीन वेगवेगळे रोग आहेत, एका फवाऱ्यात जाणार नाहीत. मी नागपूरला याच कामात आहे, एकेक घेतो.

पहिला. पँडाज १.५.३ जानेवारी २०२३ मध्ये आलं, तेव्हा पायथन ३.११ हे सगळ्यात नवं होतं. त्यामुळे या पँडाजचं तयार बांधलेलं पॅकेज ३.११ पर्यंतच मिळतं. तुम्ही ३.१३ वर मागितलं. पॅकेजं आणून देणाऱ्या पिपला तयार माल सापडला नाही, म्हणून तो कच्चा कोड आणून तुमच्याच लॅपटॉपवर बांधायला बसला आणि त्यासाठी सी प्लस प्लस मागू लागला. ते काही जीबीचं सामान अजिबात आणू नका.

दुसरा. आकडा खोडून नवं टाकलं तेव्हा पँडाज २ आलं. डेटाफ्रेमचं अपेंड २.० पासून, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, काढून टाकलेलं आहे. त्याच्या जागी कॉनकॅट वापरतात. इमोजी पॅकेजचंही तेच, त्याच्या २.० मध्ये ते जुनं फंक्शन गेलं. तुमच्या त्या पोरानं एकट्या पँडाजचा आकडा लिहिला आणि बाकीचं मोकळं सोडलं, ही खरी गोम. मोकळी सोडलेली सगळी गुरं पुढच्या गावात पोचली.

तिसरा तुम्ही स्वतःच बरा केला. तरी कारण सांगतो, कारण गमतीचं आहे. उबंटूवर पायथन फाइल उघडताना यूटीएफ-८ धरून चालतं. तुमच्या विंडोजनं जुनी १२५२ नावाची इंग्रजी-युरोपी वर्णमाला धरली. त्या वर्णमालेत ८१, ८डी अशा काही जागा रिकाम्या आहेत. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१, आणि पाय मोडायच्या चिन्हाचा ८डी. म्हणजे फाइलीत पहिला "ु" किंवा पहिलं जोडाक्षर आलं की गाडी आडवी. तुमच्या फाइलीत बहुतेक आधी उकार आला, एवढंच त्यावरून कळतं.

आता काय करायचं. गुरुवार आहे म्हणून आत्ता कोड बदलू नका. पायथन ३.११.९ चा इन्स्टॉलर आणा, पंचवीस एमबीच्या आसपास आहे. ३.१३ शेजारी सुखानं राहू शकतं, ते काढायची गरज नाही. मग त्या फोल्डरमध्ये ३.११ चं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) करा आणि त्यात पँडाज १.५.३, इमोजी १.७ टाका. इमोजीची काढलेली ओळ परत घाला. कमांडचा स्क्रीनशॉट जोडतो. आणि हे विसरू नका: नमपाय म्हणजे पँडाज ज्याच्यावर उभं आहे ते आकडेमोडीचं पॅकेज, त्याला "२ पेक्षा खालचं" अशी अट घाला. नाहीतर पिप स्वतःहून नमपाय २ आणेल.

---

तळटीप
मंगळवार, सकाळी ७:०५

विषयाशी संबंध नाही, पण तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये दोन सभासदांचे मोबाइल नंबर आणि एकाचं पूर्ण नाव स्पष्ट वाचता येतं. लगेच काढा. आणि स्क्रिप्टमध्येच, फाइल वाचल्याबरोबर, नंबरांच्या जागी शे-१, शे-२ असं करून टाका. तक्त्याला कोणी विचारलं ते लागत नाही, काय विचारलं ते लागतं.

---

पऱ्हाटीवाली
मंगळवार, सकाळी ८:५०

काढला. माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यातले एक आमचे चुलत सासरे आहेत, त्यांना कळलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

---

पऱ्हाटीवाली
मंगळवार, रात्री ९:३५

अर्धविराम भाऊ, तुम्ही "विसरू नका" म्हणाले तेच विसरली. ३.११ टाकलं, पँडाज टाकलं, चालवलं. "नमपाय डीटाइपचा आकार बदलला, ९६ अपेक्षित होता, ८८ मिळाला." दहा मिनिटं त्या ९६ आणि ८८ कडे बघत बसली, वाटलं माझ्याच फाइलीत आठ काहीतरी कमी पडून राहिले. मग तुमचं शेवटचं वाक्य परत वाचलं. नमपाय २ च्या खालचं टाकल्यावर ते गेलं.

आता एकही एरर नाही. पण उत्तर येतं "एकूण संदेश: ०". फाइल उघडून बघितली, चांगली दोन-तीन हजार ओळींची आहे.

---

अर्धविराम
मंगळवार, रात्री ९:५८

लॅपटॉपबरोबर फोनही बदलला का? किंवा व्हॉट्सॲप अपडेट झालं? एक्स्पोर्टच्या ओळीत वेळेनंतर "पीएम" येतं, त्याच्या आधीची मोकळी जागा साधी राहिलेली नाही. २०२३ पासून तिथं एक अरुंद, न तुटणारी मोकळी जागा येते, युनिकोड २०२एफ. डोळ्यांना सारखीच दिसते. स्क्रिप्टमध्ये साधी स्पेस टाइप केलेली असणार, म्हणून एकही ओळ जुळत नाही. फाइल वाचल्यावर पहिल्याच ओळीत २०२एफच्या जागी साधी स्पेस घाला, बाकी हात लावू नका.

---

पऱ्हाटीवाली
मंगळवार, रात्री १०:४४

चालली!!!

एकूण संदेश ४१२ आले. वरचे शब्द असे: आह, सर, पण, औषध, अळ, मर, फव, रण, एकर, लय, खत. यातले तुटके आणि बिनकामाचे शब्द मी हातानं काढते. "कचरा येतो, सोडून द्यायचा", असं त्या पोरानं तेव्हाच सांगितलं होतं. उरतात औषध, मर, एकर, खत. म्हणजे तुरीवरचा मर रोग याही आठवड्यात वर आहे. गेल्या वर्षीही तोच वर असायचा, त्यावरून आम्ही दोन गावांत मर रोगावर शिबिरं घेतली होती.

भाऊ, लय उपकार झाले. गुरुवारचं टेन्शन गेलं.

---

खिळेजुळारी
बुधवार, पहाटे ५:४८

पोरी, मला पायथन म्हणजे अजगर एवढंच ठावं. अकोला जिल्ह्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, सोसायटीचे अहवाल. त्याआधी अकरा वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. जुळाऱ्याला वाईट खोड असते, मजकूर वाचायच्या आधी तो अक्षरं बघतो. तुझी यादी रात्री बघितली आणि झोप लागली नाही, म्हणून पहाटे लिहून राहिलो.

सुरुवातीचे आ, औ सोडले तर तुझ्या यादीतल्या एकाही अक्षराला काना नाही. मात्रा नाही. वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर, काही म्हणजे काही नाही. सर, पण, मर, खत, लय. पहिलीच्या पुस्तकात पहिल्या महिन्यात असतात तसे शब्द. शेतकऱ्यांचे ४१२ संदेश आणि कोणी काना वापरलाच नाही, हे होणं नाही बाप्पा.

आता तुझा कचरा बघ. "फव" आणि "रण". फवारणीतला काना काढ आणि वेलांटी काढ, काय उरलं? "आह" म्हणजे कोणी कण्हत नाही, तो "आहे" आहे, मात्रा गेलेला. "अळ" म्हणजे अळी. खाली अजून लांब यादी असेल तर त्यात "मकळ" असा शब्द आहे का बघ. असला तर तो डोमकळीचा.

माझ्या मते तुझं ते यंत्र प्रत्येक काना-मात्रेवर शब्द तोडून टाकते आणि उरलेले तुकडे मोजते. एकटं राहिलेलं अक्षर बहुतेक फेकूनच देते. कापूस घे: क, प, स, तिन्ही एकटे, तिन्ही गेले. सोयाबीन पूर्ण गेलं. तूर गेली. पानं लाल पडायचा "लाल्या" गेला. "मर" बिचारा बिनकान्याचा, म्हणून तो एकटा जिवंत राहिला आणि तुमच्या तक्त्यात पाटील झाला.

चुकत असलो तर सांगा, मी शिकलेला माणूस नाही.

---

पऱ्हाटीवाली
बुधवार, सकाळी ६:३०

काका. "मकळ" आहे. सतराव्या नंबरवर. सत्तावीस वेळा.

मी चहा गॅसवर ठेवून विसरली, उतू गेला.

---

अर्धविराम
बुधवार, सकाळी ९:१५

काका, तुम्ही चुकत नाही. मी चुकलो. शब्द मोजायची ती ओळ मी सोमवारीच तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये पाहिली होती, सायकिट-लर्न पॅकेजचं शब्द मोजणारं काउंट व्हेक्टरायझर, आणि "हे ठीक आहे" म्हणून पुढं गेलो. रोज वापरतो ना, इंग्रजी मजकुरावर.

कारण असं. शब्द कुठं सुरू होतो, कुठं संपतो हे ठरवायला त्यात एक ठरलेला नमुना असतो: "शब्दातली किमान दोन अक्षरं सलग". "शब्दातलं अक्षर" कोणतं, हे पायथनचं रेगएक्स (मजकुरातले नमुने शोधणारं साधन) ठरवतं. त्याच्या लेखी क, ख, अ, औ ही अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह यांना युनिकोडनं अक्षर न म्हणता जोडचिन्ह म्हटलं आहे, आणि पायथनचं मूळ रेगएक्स जोडचिन्हाला शब्दाचा भाग मानत नाही. काना आला की शब्द संपला. एकटं अक्षर उरलं की किमान दोनच्या अटीत ते बाद. काकांनी पहाटे पाचला जे सांगितलं तेच, मी फक्त नावं घातली. ढगासारखं शब्दचित्र काढणारी जी वर्डक्लाउड लायब्ररी आहे, तिच्यातही अशीच खोड आहे.

म्हणजे जुन्या लॅपटॉपवरही हेच चालू होतं, ताई. व्हर्जन जुळवून आपण जुनीच चूक नीट चालती केली.

उपाय: व्हेक्टरायझरला टोकन पॅटर्न स्वतः द्या. देवनागरीचा युनिकोड पट्टा ०९०० ते ०९७एफ, त्यातलं कोणतंही चिन्ह, सलग दोन किंवा जास्त, असा नमुना. दंड आणि देवनागरी अंक याच पट्ट्यात येतात, ते आधी काढून टाका. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी ए ते झेड वेगळं जोडा. "आहे", "आणि", "काय" हे गाळायची यादी तुमच्या त्या पोरानं केलेली दिसते. ती आजवर कधी लागूच झाली नाही, कारण "आहे" कधी आलाच नाही, "आह" आला.

---

खिळेजुळारी
बुधवार, दुपारी १:१०

एक अजून. पोरीचं इथलं नावच बघा: पऱ्हाटीवाली. हा शब्द कॉम्प्युटरात तीन तऱ्हांनी लिहिलेला मिळतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडला आणि ह लावला. दोन, साधा र, पाय मोडला, मध्ये एक न दिसणारं जोडणीचं चिन्ह घातलं, मग ह. पहिला पऱ्हाटी आणि दुसरा पर्‍हाटी, छापून बघितले तर तुमचा बापही फरक सांगू शकणार नाही, पण शोधायला गेलं तर एक सापडते, दुसरा सापडत नाही. तिसरा म्हणजे ते चिन्ह न घातल्यानं ह च्या डोक्यावर रफार चढतो, पर्हाटी. कोणाच्या कीबोर्डात काय निघेल ते कीबोर्डावर.

मला हे पत्रिकांनी शिकवलं. एकदा "आचाऱ्यांचा सत्कार" असं होतं, लग्नातल्या जेवणाच्या आचाऱ्यांचा. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून मजकूर पाठवला, माझ्या मशीनवर तो "आचार्यांचा सत्कार" झाला आणि तसाच पाचशे प्रती छापून गेला. पुढच्या लग्नात त्यांनी दुसरा प्रेस बघितला.

---

अर्धविराम
बुधवार, दुपारी २:०२

हे मला खरोखर माहीत नव्हतं. ताई, क्रम महत्त्वाचा आहे: आधी "र, पाय मोडका, अदृश्य चिन्ह" या तिकडीच्या जागी "ऱ, पाय मोडका" घाला. अदृश्य चिन्ह म्हणजे २००डी. ते आधीच सगळीकडून पुसलं तर दुसऱ्या प्रकाराचा तिसरा होतो आणि काकांचे आचारी आचार्य होतात. मग युनिकोडडेटामधलं एनएफसी नॉर्मलाइझ चालवा, ते एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करतं. ते एकटं पुरत नाही, अदृश्य चिन्हाला ते हात लावत नाही. तिसऱ्या प्रकारासाठी सरसकट नियम करू नका. नेहमीच्या दहा-बारा शब्दांची जोडी हातानं लिहा.

---

पऱ्हाटीवाली
शुक्रवार, दुपारी ३:२०

कालचा गुरुवार झाला. सविस्तर लिहिते, उद्या कोणाला लागलं तर.

बुधवारी रात्री नमुना बदलला, ऱ चं काम केलं. मग मी एक गोष्ट स्वतः केली. पऱ्हाटी, कपाशी, कापूस, कापसाला, पराटी हे सगळे एकाच पिकाचे, आणि पऱ्हाटीला, पऱ्हाटीवर, पऱ्हाटीचं असे प्रत्यय लागून वेगळे मोजले जात होते. म्हणून शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणारी एक यादी केली, एका ओळीत एक गोष्ट. मराठीत शब्दाचं मूळ काढणारी एखादी मोठी लायब्ररी सापडते का म्हणून बघितलं होतं. जी मिळाली ती टॉर्च नावाच्या अवजड पॅकेजचं जुनं व्हर्जन मागत होती, म्हणजे परत शेकडो एमबी आणि परत जुन्या-नव्याचं भांडण. माझी यादी साठ ओळींची आहे, सासूबाईंना विचारून केली. त्यांना गावात कोण कशाला काय म्हणते ते सगळं माहीत आहे. "काळी पडली" आणि "करपली" यात फरक असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

तरी संदेश ४१२ च येत होते आणि मला खटकत होतं, कारण आठवड्याला हजारावर असतात. तारखांत बघितलं. व्हॉट्सॲप आपल्याकडे दिवस आधी लिहिते, ०५/०९ म्हणजे पाच सप्टेंबर. पँडाजनं तो नऊ मे वाचला आणि "गेल्या सात दिवसांतला नाही" म्हणून फेकला. तेराव्या तारखेपासून पुढं महिना तेरा होऊ शकत नाही, तेव्हा ते आपोआप दिवस आधी वाचते, म्हणून महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळं बरोबर यायचं. दर महिन्याच्या सुरुवातीला तक्ता अर्धाच का येतो याचं आम्ही दोन वर्षं "लोक कामात असतात" असं कारण दिलं होतं. डे-फर्स्ट ट्रू लिहिलं. १,१८६ झाले.

नवी यादी: कापूस, अळी, डोमकळी, फवारणी, औषध, मिसळून, चक्रभुंगा, लाल्या. "मर" एकतिसावा.

"मिसळून" सहावा आहे. मिसळून मारू का, मिसळलं तर चालते का, दोन्ही एकत्र टाकलं. जुन्या स्क्रिप्टमध्ये त्याचा "सळ" व्हायचा आणि मी तो दर आठवड्याला माझ्या हातानं कचऱ्यात टाकायची. सरांना हे सांगताना माझा आवाज लागत नव्हता. ते काही बोलले नाहीत. यादीतले ते संदेश मागितले, एकेक वाचले आणि जेवण न करता दोन गावांना गेले. एका ठिकाणी तीन औषधं एका टाकीत घातलेली तयार होती, फवारा सकाळी मारायचा होता. सरांनी ती टाकी तशीच ठेवायला लावली आणि कोणत्या डब्या वापरल्या ते लिहून आणलं.

गेल्या वर्षीच्या फाइली माझ्याकडे आहेत. काल रात्री नव्या स्क्रिप्टवर चालवल्या. मर रोगाच्या शिबिरांच्या त्या महिन्यात तो चौदावा होता, आणि वर होती शेंदरी बोंडअळी. शिबिराला मोजून अकरा माणसं आली होती. "लोकांना शेतीचं गांभीर्य नाही", असं आम्ही तेव्हा अहवालात लिहिलं होतं. तो अहवाल दुरुस्त करून द्यायचा आहे, कसा ते बघते.

अर्धविराम भाऊ, पिप फ्रीझ करून सगळ्यांचे आकडे लिहून ठेवले, पेनड्राइव्हवर पॅकेजच्या फाइलीही ठेवल्या, म्हणजे परत डेटा जाळायला नको.

एक राहिलं. मॅटप्लॉटलिबच्या आलेखात शब्दांच्या जागी चौकोन येत होते. देवनागरी फॉन्ट दिल्यावर अक्षरं आली, पण वेलांट्या भलतीकडे पडतात, "मिसळून" मध्ये पहिली वेलांटी म च्या नंतर दिसते.

---

खिळेजुळारी
शुक्रवार, सायंकाळी ५:०५

तो आलेख काढणारा अक्षरं एकामागं एक ठेवते, जुळवत नाही. शिशाच्या खिळ्यांत पहिली वेलांटी आधी लावावी लागायची, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. तू आकडे एक्सेल नाहीतर लिबरऑफिसमध्ये ने आणि आलेख तिथं काढ, तिथं मराठी नीट उमटते. सीएसव्ही एक्सेलात उघडली आणि गिचमिड दिसली तर अर्धविरामांना विचार, ते माझं खातं नाही.

---

अर्धविराम
शुक्रवार, सायंकाळी ५:४०

सीएसव्ही लिहिताना यूटीएफ-८-सिग घाला, एक्सेल नीट उघडेल.

काका, अकोल्याला येणं होतं माझं. दुकान कुठं आहे ते मेसेजमध्ये टाका, इथं नको. तळटीप बघतायत.